बोंडअळी थंडीत मरत नाही, निजते

शेवटची वेचणी झाली की बरेच जण दुकानात येऊन सांगतात, "आता कपाशी संपली, बोंडअळीही संपली." कपाशी संपली हे खरं. अळी मात्र बांधावरच्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या) गंजीत असते.

एरवी ही गुलाबी बोंडअळी पोसली की बोंडाला भोक पाडून बाहेर पडते आणि मातीत कोष करते. दिवस लहान झाले, रात्री गारठल्या की तिचं वागणं बदलतं. पक्व सरकीतलं तेल खाऊन ती अंगात चरबी साठवते आणि बाहेर न पडता सरकीतच निजते. कधी दोन सरक्या धाग्याने जोडून मध्ये घर करते. तुम्ही अशा जोडसरक्या पाहिल्या असतील. खाणं बंद, हालचाल बंद, श्वासही अगदी मंद. कोरड्या सरकीत ती अशी वर्षभरही तग धरते. (बर्फाळ मुलखातले काही किडे अंगात ग्लिसरॉल तयार करतात, म्हणजे रक्त सहजी गोठत नाही. आपल्याकडच्या थंडीत तेवढी गरज पडत नाही.)

ऊन तापलं, पहिला पाऊस पडला की या अळ्यांचे पतंग होऊन बाहेर येतात. तेव्हा शेतात कपाशीची पाती-फुलं नसतील, तर पिढी वाढवायला जागाच न मिळता ते मरतात. जूनच्या आधी लावलेली कपाशी नेमकी तीच जागा देते. फरदडीचं, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन कपाशी उभी ठेवण्याचं, उलट आहे: थंडीभर हिरवी बोंडं राहतात आणि निजायला अळ्या तयार होत जातात. २०१७ साली विदर्भात बोंडअळीने कपाशीचं जे मोठं नुकसान केलं ते आठवत असेलच.

आम्ही कामगंध सापळे (मादीच्या वासासारख्या गंधाने नर पतंग पकडणारे) विकतो, तरी स्पष्ट सांगतो: गंज तशीच ठेवून सापळे लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. डिसेंबरअखेर पीक काढा. पऱ्हाटी श्रेडरने बारीक करून कुजवा, पावसाळ्यापर्यंत रचून ठेवू नका. किडकी बोंडं वेचून नष्ट करा.

पुढच्या हंगामात पेरणीनंतर ४५ दिवसांनी एकरी दोन सापळे, पिकाच्या फूटभर वर. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तरच फवारणीचा विचार करा. ल्यूर (सापळ्यातली गंधाची गोळी) कधी बदलायचा ते पाकिटावर छापलेलं असतं. जिनिंगजवळ (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याजवळ) शेत असेल तर आधी आमच्याशी बोला, तिथे सरकीतून निघणारे पतंग जास्त असतात.