रेघोट्या, गाढवाचं शेपूट आणि 'हे तर कुणीही काढेल'

कागदावर पेनाने चार वेड्यावाकड्या रेघोट्या ओढायच्या, दोन गोल, एक तिरका त्रिकोण, मधे कुठेतरी लाल रंग फासायचा, खाली 'अस्वस्थ जाणिवांचा उत्सव' असं काहीतरी नाव द्यायचं आणि मित्रमंडळींत पाठवून द्यायचं. मग एकजण म्हणतो यात मला माणसाचं तुटलेपण दिसतंय, दुसरा म्हणतो लिलावात ठेव करोडोंत जाईल, तिसरा विचारतो उलटं तर धरलेलं नाही ना. हा खेळ मला मनापासून आवडतो, आणि त्याच्यामागे जवळपास दीडशे वर्षांची परंपरा आहे हे कळल्यावर तर जास्तच आवडायला लागला. मॉडर्न आर्ट आणि मॉडर्न आर्टची थट्टा ही जुळी भावंडं आहेत, एकत्रच वाढलीत आणि कितीतरी वेळा एकाचे कपडे दुसऱ्याने घातलेत.

सुरुवात पॅरिसमधे. १८६३ साली तिथल्या सरकारी प्रदर्शनाच्या ज्युरीने इतकी चित्रं नाकारली की चित्रकारांनी गदारोळ केला आणि शेवटी बादशहा तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्या चित्रांचं वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं. तुफान गर्दी झाली, पण बरेचसे लोक हसायलाच आले होते. पुढे १८७४ मधे मोने, रन्वार, देगा वगैरे मंडळींनी नादार या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन भरवलं. मोनेने ल आव्रच्या बंदरातली धुकट सकाळ रंगवली होती, कॅटलॉगसाठी नाव विचारलं तेव्हा हे काही त्या बंदराचं चित्र म्हणून खपणार नाही असं वाटून त्याने 'इम्प्रेशन' लिहा म्हणून सांगितलं. लुई लरुआ नावाच्या समीक्षकाने एका विनोदी पेपरात नेमकं तेच नाव पकडून सगळ्यांना धुतलं, वॉलपेपरचा कच्चा खर्डा सुद्धा या समुद्रापेक्षा जास्त पूर्ण असतो म्हणाला. त्याच्या लेखात जुन्या वळणाचा एक चित्रकार प्रदर्शन बघता बघता हळूहळू भ्रमिष्ट होत जातो आणि शेवटी तिथल्या पहारेकऱ्यालाच चित्र समजून त्याच्यावर टीका सुरू करतो. आजही वाचायला मजा येते, खरंच. आणि टोमणा म्हणून आलेला 'इम्प्रेशनिस्ट' हा शब्द त्या चित्रकारांनी तीनच वर्षांत आपल्या प्रदर्शनाच्या नावात घेतला. फॉविस्ट आणि क्युबिस्ट ही नंतरच्या चित्रकार-गटांची नावं पण अशाच खवचट शेऱ्यांमधून आली, आणि दोन्ही वेळा शेरा मारणारा समीक्षक एकच होता, लुई वॉक्सेल.

लंडनमधे प्रकरण कोर्टात गेलं. व्हिसलरने रात्रीच्या काळोखातल्या आतषबाजीचं चित्र काढलं होतं, किंमत २०० गिनी, त्यावर रस्किन या बड्या समीक्षकाने १८७७ मधे लिहिलं की या माणसाने लोकांच्या तोंडावर रंगाचं भांडं फेकायचे पैसे मागितलेत. व्हिसलरने अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. दोन दिवसांच्या कामाचे तुम्ही एवढे मागता का, असं वकिलाने विचारल्यावर तो म्हणाला, नाही, आयुष्यभर कमावलेल्या जाणकारीचे मागतो. 'हे तर कुणीही काढेल' या वाक्याला इतकं सरळ उत्तर त्यानंतर मला कुठे सापडलेलं नाही. १८७८ मधे दावा तो जिंकला, भरपाई मिळाली एक फार्दिंग म्हणजे तिथलं सगळ्यात छोटं नाणं, आणि खटल्याच्या खर्चासकट डोक्यावरच्या कर्जांनी पुढच्याच वर्षी दिवाळं निघालं.

पण इथपर्यंत हसणारे वेगळे आणि काढणारे वेगळे होते. ज्यांनी स्वतः हातात पेन्सिल घेऊन हसायला सुरुवात केली ते खरे आपले पूर्वज, आणि ते सापडतात १८८२ मधे. ज्यूल लेव्ही नावाच्या पॅरिसच्या एका लेखकाने प्रदर्शन भरवलं, चित्रं काढता न येणाऱ्या लोकांनी काढलेल्या चित्रांचं! स्वतःला 'इनकोहेरंट' म्हणजे विसंगत म्हणवणारी ही मंडळी, त्यात कवी, नट, पत्रकार सगळे. त्या पहिल्या प्रदर्शनात पॉल बिलो या कवीने नुसता काळा चौकोन मांडला, त्याचं शीर्षक काळ्या माणसांची थट्टा करणारं होतं आणि आज ते वाचताना नको वाटतं. पण त्यातून आल्फॉन्स आले या विनोदी लेखकाला युक्ती सापडली. १८८३ मधे त्याने कोरा पांढरा कागद भिंतीवर लावला आणि नाव दिलं 'बर्फात पहिल्या धार्मिक विधीला निघालेल्या ॲनिमिक मुली'. दुसऱ्या वर्षी नुसता लाल कागद, 'लाल समुद्राच्या काठी टोमॅटो तोडणारे रागाने लालबुंद कार्डिनल', कार्डिनल म्हणजे चर्चमधले बडे धर्मगुरू, त्यांचे झगे लाल असतात म्हणून. आपण लहानपणी कोरा कागद दाखवून 'गाय गवत खातेय' म्हणायचो ना, गवत कुठेय तर गायीने खाल्लं, गाय कुठेय तर गवत संपल्यावर ती कशाला थांबेल, अगदी तीच जात. चित्रात काही नाही, सगळं चित्र शीर्षकात. १८९७ मधे आलेने अशा एकरंगी चित्रांचं पुस्तकच काढलं, आणि त्यात एका बहिऱ्या थोर पुरुषाच्या अंत्ययात्रेसाठी लिहिलेलं संगीत पण होतं, म्हणजे स्वरलिपीच्या पाच रेघा आणि त्यावर एकही सूर नाही. जॉन केजने पियानोसमोर ४ मिनिटं ३३ सेकंद काहीही न वाजवण्याची रचना १९५२ मधे आणली, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षांनी, आणि ती पूर्ण गांभीर्याने.

आता गाढव. १९१० मधे पॅरिसच्या 'सलोन दे झँदेपाँदाँ' मधे, जिथे ज्युरीच नसायची, बोरोनाली नावाच्या कुणा अनोळखी चित्रकाराचं एड्रियाटिक समुद्रावरच्या सूर्यास्ताचं चित्र लागलं. त्याने स्वतःचा जाहीरनामा पण काढला होता, 'एक्सेसिव्हिझम' म्हणून नवीन वादच. नंतर रोलां दॉर्जलेस या लेखकाने फोडलं की बोरोनाली म्हणजे मोंमार्त्रमधल्या लापँ अजील या कॅबरेच्या मालकाचं गाढव, लोलो. शेपटीला ब्रश बांधलेला, मागे कॅनव्हास, पुढून खाऊ द्यायचा की लोलो खुशीत येऊन शेपूट हलवणार. आणि कुणी नंतर खोटं म्हणू नये म्हणून समोर कोर्टाचा बेलिफ उभा करून रीतसर पंचनामा केला होता! नावसुद्धा आलिबोरॉन या फ्रेंचमधल्या गोष्टीतल्या गाढवाच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून बनवलेलं. चित्र आजही फ्रान्समधे मिई-ला-फोरे गावच्या संग्रहालयात आहे.

या शेपटीचा पुढचा प्रवास मला सगळ्यात भारी वाटतो. बातमी मॉस्कोपर्यंत गेली आणि तिथल्या लारिओनोव्ह, गोंचारोवा वगैरे बंडखोर चित्रकारांनी १९१२ मधे आपल्या प्रदर्शनाला नावच दिलं 'गाढवाचं शेपूट'. त्यात मालेविच पण होता. त्याच मालेविचने १९१५ मधे पेट्रोग्राडच्या प्रदर्शनात पांढऱ्यावर काळा चौकोन मांडला आणि भिंतीच्या वर कोपऱ्यात लावला, जिथे रशियन घरात देवाची तसबीर असते. २०१५ मधे त्रेत्याकोव्ह गॅलरीच्या संशोधकांनी ते चित्र तपासलं तर खाली अजून चित्रं दडलेली निघालीच, पण पांढऱ्या कडेवर हाताने लिहिलेले पुसट शब्दही सापडले, आणि त्यांनी ते जुळवून वाचले तर पॅरिसच्या त्या काळ्या चौकोनाच्या शीर्षकाची आठवण करून देणारे. ते कुणी लिहिले यावर वाद आहे. पण ॲबस्ट्रॅक्ट कलेच्या सगळ्यात गंभीर चित्राच्या काठावर तो जुना विनोद उमटलेला असणं, हे मला फार मोठं वाटतं.

आणि मग १ डिसेंबर १९६२. मॉस्कोच्या मानेझ हॉलमधे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह प्रदर्शन बघायला आले, नवीन चित्रं बघून भडकले, आणि म्हणाले काय, तर गाढव शेपटीने याहून बरं फासेल. तोच विनोद, फक्त आता बोलणाऱ्याच्या हातात पूर्ण सत्ता होती, आणि त्यानंतर तिथल्या कलाकारांना बरंच भोगावं लागलं. शिल्पकार एर्न्स्त नेइझ्वेस्नी तेवढा समोर उभा राहून भांडला. १९७१ मधे ख्रुश्चेव्ह गेल्यावर घरच्यांनी त्यांच्या समाधीचं काम नेइझ्वेस्नीलाच दिलं आणि त्याने ते काळ्या आणि पांढऱ्या दगडांच्या एकमेकांत अडकलेल्या आकारांमधून केलं.

सत्तेने हसण्याचं याहून भयंकर उदाहरण म्हणजे १९३७ चं म्युनिक. नाझींनी म्युझियममधून जप्त केलेल्या कामांपैकी ६०० वर कामं मुद्दाम दाटीवाटीने, वाकडीतिकडी लावली, भिंतींवर कुचेष्टेची वाक्यं लिहिली आणि 'विकृत कला' म्हणून लोकांना फुकट दाखवली. म्युनिकमधे वीस लाखांवर लोक आले. क्ले, कांडिन्स्की, नोल्डे सगळे त्यात. म्हणून मला वाटतं की थट्टा कोण करतंय आणि कुणाच्या हातात काय आहे हे बघितलंच पाहिजे. गमतीत स्वतः रेघोट्या मारणारा माणूस आणि दुसऱ्याच्या रेघोट्यांवर बंदी आणणारा माणूस, दोघं एकच वाक्य बोलत असले तरी त्यांना एका ओळीत बसवता येत नाही.

अमेरिकेत थट्टेला जरा मोकळं वारं मिळालं. १९१३ च्या आर्मरी शो या न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनात द्युशाँचं जिना उतरणाऱ्या बाईचं चित्र बघून कुणीतरी 'फळ्यांच्या कारखान्यात स्फोट झालाय' म्हणालं आणि ते सगळीकडे झालं, पेपरात व्यंगचित्रं आली, चित्रातली बाई शोधून देणाऱ्याला बक्षीस लागलं. १९२४ मधे कॅलिफोर्नियात पॉल जॉर्डन-स्मिथ या लेखकाला राग आला, कारण त्याच्या बायकोची व्यवस्थित काढलेली चित्रं जुनाट म्हणून हिणवली गेली होती. त्याने आयुष्यात पहिल्यांदा ब्रश धरला, केळ्याची साल हवेत फिरवणारी एक बाई काढली, स्वतःचं नाव पावेल जेर्दानोविच असं रशियन करून टाकलं आणि चित्र न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पाठवलं. लोकांनी मासिकांत कौतुक केलं. अर्थ विचारला तर सांगायचा, चित्रातल्या बेटावर बायकांना केळी खायला बंदी आहे, ही बाई मिशनऱ्याला मारून पहिला घास खातेय. १९२७ मधे त्याने सगळं कबूल केलं. म्हणजे भिंतीला टेपने चिकटवलेलं कातेलान या इटालियन कलाकाराचं केळं २०१९ मधे आलं, त्याच्या ९५ वर्षं आधीच थट्टेत केळं येऊन गेलेलं होतं.

माकडांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, १९६४ मधे स्वीडनमधे पीटर नावाच्या चिंपांझीची चित्रं 'पिएर ब्रासो' या फ्रेंच नावाने लावली आणि एका समीक्षकाने त्यात बॅले नर्तकाची नजाकत बघितली. पण दुसरी बाजू कमी सांगितली जाते. लंडनच्या काँगो या चिंपांझीची चित्रं १९५७ मधे उघड उघड चिंपांझीची म्हणूनच लावली होती, आणि पिकासोकडे त्यातलं एक होतं. आणि २०११ मधे बोस्टन कॉलेजच्या दोन संशोधकांनी मोठ्या ॲबस्ट्रॅक्ट चित्रकारांची कामं लहान मुलांच्या आणि प्राण्यांच्या चित्रांशेजारी ठेवली, कधी खालची नावं पण अदलाबदल केली, तरी लोकांनी दहातल्या साधारण सहा-सात वेळा चित्रकाराचंच काम निवडलं. म्हणजे 'कुणीही काढेल' हे पूर्ण खरं नाही. पण दहातल्या तीन-चार वेळा चुकले हेही आहेच, त्यामुळे आपल्या रेघोट्यांना थोडी आशा आहे. उलटं धरण्याचं म्हणाल तर न्यूयॉर्कच्या 'मोमा' या मॉडर्न आर्टच्या म्युझियममधे १९६१ साली मातीसचं होडीचं चित्र ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं, शेवटी बघायला आलेल्या एका बाईंच्या लक्षात आलं.

या सगळ्यात माझा लाडका माणूस ॲड राइनहार्ट. १९४६ मधे तो न्यूयॉर्कच्या एका पेपरात मॉडर्न आर्ट समजावणाऱ्या व्यंगचित्रांची मालिका काढायचा. त्यातल्या एका चित्रात एक माणूस ॲबस्ट्रॅक्ट पेंटिंगकडे बोट दाखवून हसत विचारतो, हे काय दाखवतंय? पुढच्या चौकटीत पेंटिंग रागावून त्यालाच विचारतं, तू काय दाखवतोस? आणि हाच राइनहार्ट पुढे आयुष्याची शेवटची वर्षं जवळजवळ पूर्ण काळी दिसणारी चित्रं रंगवत बसला, ज्यांत बराच वेळ बघितल्यावर काळ्याच्या आत काळ्याचे चौकोन दिसायला लागतात. विनोद आणि साधना एकाच हातातून.

हौशी रेघोट्यांची एक शांत शाखा पण आहे. रवींद्रनाथ टागोर कवितेतले खोडलेले शब्द एकमेकांना जोडत जायचे, त्यातून चोची, शेपट्या, विचित्र प्राणी तयार व्हायचे, आणि तिथून साठी ओलांडल्यावर ते चित्रकार झाले, १९३० मधे पॅरिसला प्रदर्शन झालं. चित्रांना नावं द्यायचं मात्र ते टाळायचे. याच्या बरोब्बर उलट टोकाला अमेरिकन विनोदी लेखक रॉजर प्राइस, त्याने १९५३ मधे 'ड्रूडल्स' काढले, चौकटीत दोन-तीन रेघा आणि खाली तर्कटी शीर्षक. पाण्याच्या रेघेवर एक टोकदार आकार आणि त्याच्या बाजूला एक छोटा त्रिकोण, तर म्हणे बुडणाऱ्या चेटकिणीला वाचवायला उशिरा पोचलेलं जहाज. शीर्षक वाचलं की मग ते जहाज दिसतंच, आणि त्या छोट्या त्रिकोणात टोपीही.

पुढे कॉम्प्युटर आल्यावर कागदाचीही गरज उरली नाही. १९८४ मधे मॅकपेंट, १९८५ मधे विंडोजच्या पहिल्याच आवृत्तीबरोबर पेंट, आणि माऊसने सरळ रेघ येतच नसल्यामुळे ज्याने त्याने जे काढलं ते आपोआप ॲबस्ट्रॅक्ट झालं. किती जणांचं पहिलं चित्र तिथे झालं असेल, स्प्रेचा डबा उचलायचा, स्क्रीनभर फिरवायचा, मग बादलीने एखादा बंद आकार भरायचा आणि कुठेतरी फट राहिली की सगळं पानच हिरवं! २०१७ च्या जुलैमधे मायक्रोसॉफ्टने पेंट आता यापुढे विकसित न होणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं तेव्हा लोक इतके हळहळले की कंपनीला लगेच खुलासा करावा लागला, पेंट कुठे जात नाहीये, स्टोअरवर फुकट मिळत राहील.