वाजवायचं आणि शिकवायचं: मुंबईतल्या चेलोची पार्श्वभूमी

चेलो म्हणजे व्हायोलिनच्याच घराण्यातलं, पण बरंच मोठं आणि खालच्या सुरांचं वाद्य. ऑर्केस्ट्रातला चेलोवादक म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा कलाकार, ही युरोपातली रीत. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला खरा, पण हौशी आणि अर्धवेळ वादकांच्या जिवावर. पगारी सिम्फनी ऑर्केस्ट्रा मुंबईला मिळायला २००६ साल उजाडलं. मधल्या सत्तर वर्षांत इथल्या चेलोवादकाचं घर चाललं ते सिनेमाच्या रेकॉर्डिंगवर आणि शिकवण्यांवर.

सुरुवात तशी छोट्या बैठकीतून झाली. युरोपात नाझींचं सावट वाढत असताना ज्यू संगीतकार वॉल्टर काउफमान १९३४ मध्ये मुंबईला आले आणि त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी कार्यक्रम व्हायचा: पियानोवर ते स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एडिजिओ वेर्गा. मे १९३७ पर्यंत या सोसायटीचे १३६ कार्यक्रम झाले होते. आकाशवाणी सुरू होताना वाजणारी ती ओळखीची धूनही काउफमानांचीच. ती धून ऐकत अख्ख्या पिढ्या वाढल्या, पण ते ज्या मैफली भरवत त्यांची वार्ता गिरगाव-दादरपर्यंत फारशी पोचली नाही. मेहली मेहता पुढे १९४५ मध्ये शिकायला न्यूयॉर्कला गेले.

खरी मागणी निर्माण केली ती हिंदी सिनेमाने. गोव्यात चर्चच्या शाळेतला ‘मेस्त’, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांकडून आधी सोल्फेज (लिहिलेले सूर वाचून गाणं) घोटून घ्यायचा, मग हातात व्हायोलिन द्यायचा. नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेलं संगीत, वाचता येणारी ही मंडळी मुंबईत आली आणि स्टुडिओंना हवी तशी फौज मिळाली. संगीतकार चाल द्यायचा. सेबॅस्टियन डिसोझांसारखा अरेंजर प्रत्येक वाद्याचा वेगळा भाग कागदावर उतरवायचा. वादक स्टँडवरचा कागद बघून थेट वाजवायचे. सगळं एका दमात रेकॉर्ड व्हायचं, त्यामुळे एकाचा गज चुकला की अख्खा टेक पुन्हा. चेलोंचं काम त्यात बहुतेक वेळा व्हायोलिनांच्या ताफ्याला खालून आधार देण्याचं. नाव कुठेच नाही. बासू चक्रवर्तींसारखे मोजके लोक त्यातून वर आले: आर. डी. बर्मन यांच्याकडे चेलोवादक, मग सहायक, आणि मनोहारी सिंग यांच्याबरोबर बासू-मनोहारी या नावाने संगीतकार.

शिकवणं याच लोकांच्या घरात चालायचं. अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले. प्यारेलालचे वडील, ट्रंपेटवादक पं. रामप्रसाद शर्मा, पोरांना नोटेशन शिकवून स्टुडिओसाठी तयार करायचे. पण हा सगळा कारभार प्रामुख्याने व्हायोलिनचा. चेलो महाग, अवजड, आणि मुलाच्या उंचीप्रमाणे पाव, अर्धा, पाऊण अशा मापांत बदलत न्यावा लागतो. लोकलने न्यायचा तर लगेजच्या डब्याशिवाय गत नाही. त्यात आपला पावसाळा! खुंट्या फुगून घट्ट बसतात, सरस सैल पडून सांधे सुटतात. लंडनच्या बोर्डांच्या ग्रेड परीक्षा या शिकवण्यांना शिस्त लावायला उपयोगी पडल्या, पण माझ्या मते त्यांनी एक खोडही लावली: परीक्षेपुरत्या तीन रचना घोटून पास होणारी मुलं तयार झाली, शेजारच्या खुर्चीवरच्या वादकाचं ऐकत वाजवणारी कमी.

नव्वदच्या दशकात कीबोर्ड आणि डिजिटल रेकॉर्डिंगने स्टुडिओतल्या शिफ्टा खाल्ल्या. मोठमोठे स्ट्रिंग सेक्शन, म्हणजे व्हायोलिन-चेलोंचे ताफे, आटले आणि चेलो शिकून पोट भरेल, हे घरच्यांना पटवून देण्याजोगं कारणही त्याबरोबर गेलं.

अशा वेळी, २००६ मध्ये, एनसीपीएत (मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये) खुशरू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. वादक बहुसंख्य परदेशी, त्यांतले बरेच कझाकस्तानचे, म्हणून टीका झाली आणि अजूनही होते. ती अगदीच गैर नाही. पण २०१२ मध्ये याच ऑर्केस्ट्राने अकादमी काढली आणि मंचावर वाजवणारे वादकच तिथे मुलांना शिकवू लागले. सोव्हिएत वळणाची ही पद्धत: लहानपणापासून नियमित वैयक्तिक तालीम, जोडीला सोल्फेज आणि एकत्र वादन. गोव्याच्या मेस्ताला यात नवं काही वाटलं नसतं. अकादमीतल्या मुलांना वरच्या शिक्षणासाठी बहुधा परदेशातली कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीत महाविद्यालय, गाठावी लागते, आणि शिकून परत यायचं म्हटलं तर पगारी खुर्च्या मुंबईत अजूनही मोजक्याच आहेत.