निखळलेला दात

मार लागून दात मुळासकट बाहेर आला की त्याला दात निखळणं म्हणतात, डेंटिस्टांच्या भाषेत अव्हल्शन. दातांच्या दुखण्यात घड्याळ बघायला लावणारं प्रकरण हेच, कारण दाढ कितीही ठणकली तरी बहुतेक वेळा सकाळपर्यंत कशीबशी रात्र काढता येते, हा दात मात्र थांबत नाही. जातात ते बहुतेक वरचे पटाशीचे दात, आणि शाळकरी मुलं यात जास्त सापडतात, साधारण ७ ते ११ वयाची. सायकल, जिना, मधल्या सुट्टीतली ढकलाढकली, कबड्डीत बसलेलं कोपर, कारणं ही अशी.

सगळा खेळ मुळावरच्या पातळ आवरणाचा आहे. दात हाडात सिमेंटसारखा चिकटलेला नसतो, बारीक तंतूंनी बांधलेला असतो, आणि दात निखळतो तेव्हा ते तंतू तुटून अर्धे मुळावरच राहतात. त्यातल्या पेशी जिवंत असतात पण वाळल्या की मरतात. पहिल्या १५ मिनिटांत दात परत जागेवर गेला तर सगळ्यात चांगलं, आणि तासभर कोरडा पडून राहिला तर त्या पेशी जवळजवळ गेल्याच म्हणायच्या. मग दात बसवला तरी तो हाडाला चिकटतो आणि काही वर्षांत शरीरच त्याचं मूळ हळूहळू खाऊन टाकतं. म्हणजे दात वाचणार की नाही हे बऱ्याचदा दवाखान्यात नाही, ग्राउंडवरच ठरतं, आणि तिथे आपण काय करतो तर दात रुमालात गुंडाळून खिशात टाकतो.

दात उचलायचा तो पांढऱ्या भागाला धरून, मुळाला हात लावायचा नाही. माती लागली असेल तर दुधात, सलाइनमध्ये नाहीतर त्याच माणसाच्या थुंकीत हलकेच विसळायचा, घासायचा नाही, साबण-डेटॉल तर अजिबात नाही. मग सरळ खाचेत बसवायचा, स्वच्छ रुमाल दाताखाली धरून चावून ठेवायला सांगायचं आणि तसंच डेंटिस्टकडे निघायचं. ऐकायला भयंकर वाटतं पण ताज्या जखमेत दात बऱ्यापैकी सहज जातो. हिंमत नसेल तर दात थंड दुधात टाकून न्यायचा, पिशवीतलं साधं दूध चालतं, फक्त साखर नको (टपरीवरचा चहा म्हणजे दूध नव्हे). साधं पाणी शेवटचा पर्याय, कारण त्यात क्षार नसल्याने पेशी फुगून फुटतात, तरी कोरड्यापेक्षा बरं.

दुधाचा दात मात्र कधीच परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताच्या अंकुराला इजा होऊ शकते. तो छपरावर फेकायचा तर फेका.

डॉक्टर एक्स-रे काढतात, शेजारच्या दातांना लवचीक तार लावून दात साधारण २ आठवडे बांधून ठेवतात, धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं का बघतात. मोठ्यांच्या दाताला पहिल्या २ आठवड्यांतच रूट कॅनल सुरू करतात, पण लहान मुलात मुळाचं टोक अजून उघडं असेल तर वाट बघतात, कारण तिथे रक्तपुरवठा परत सुरू व्हायची शक्यता असते. तोवर मऊ भात, खिचडी.

बाकी इमर्जन्सींचं थोडक्यात. दाढ काढल्यावर रक्त थांबत नसेल तर गॉजची घडी २०-३० मिनिटं घट्ट चावून धरायची, मधेमधे उघडून बघायचं नाही, सारखं थुंकायचं नाही. दुखऱ्या दाताशेजारी अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवतात त्याने हिरडी भाजते, दुखणं तसंच राहतं. आणि जबड्याखाली सूज, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास लागतोय असं झालं तर डेंटिस्टची अपॉइंटमेंट बघत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. याला लुडविग अँजायना म्हणतात, जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये याचं वर्णन केलं, आणि यात श्वासाची वाट बंद होऊन माणूस दगावू शकतो. सुरुवात बहुतेक वेळा खालच्या किडलेल्या दाढेपासूनच होते.

टाळायचं म्हटलं तर खेळताना माउथगार्ड, तोही शक्यतो डेंटिस्टकडून माप देऊन केलेला, कारण दुकानातला ढिला बसतो आणि पोरं दोन दिवसांत काढून ठेवतात. बॉक्सिंगमध्ये तो घालतातच, कबड्डीच्या मॅटवर मात्र क्वचितच दिसतो. ज्यांचे वरचे दात पुढे आलेत त्यांना मार लागायची शक्यता जास्त, त्यामुळे तारा लावणं हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही. आणि बाटलीची झाकणं दातांनी उघडणाऱ्यांनी एक ओपनर घ्यावा.