'जपानी' वास्तू म्हणजे नेमकं काय? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

तात्सुनो किंगो हा जपानच्या पहिल्या पदवीधर वास्तुविशारदांपैकी एक. १८८०च्या सुमारास तो लंडनला शिकायला गेला. तिथे त्याला जपानी वास्तुकलेचा इतिहास विचारला गेला आणि त्याला काही सांगता आलं नाही, अशी आठवण सांगतात. सांगणार तरी काय? तोक्योत त्याला शिकवणारे जोसाया काँडर इंग्रज होते आणि अभ्यासक्रम युरोपचा होता. देवळं नि वाडे बांधणारे सुतार पिढ्यान्‌पिढ्या होतेच, पण त्यांच्या कामाला 'वास्तुकला' म्हणायची पद्धत नव्हती. पुढे १८८९मध्ये राजवाड्याचं काम पाहणारे कारागीर किगो कियोयोशी यांना विद्यापीठात शिकवायला बोलावलं, तेव्हा कुठे जपानी बांधकाम वर्गात आलं.

ही पोकळी भरायला सर्वांत हिरिरीने उतरला तो वास्तुविशारद इतो चूता. १८९३मध्ये त्याने होर्यूजी या प्राचीन बौद्ध मंदिरावर निबंध लिहिला. तिथले लाकडी खांब मधे किंचित फुगीर आहेत, तसेच ग्रीक मंदिरांचेही. म्हणजे जपानचा धागा आशियातून थेट ग्रीसपर्यंत जातो, असं त्याचं म्हणणं. पुरावा तोकडाच होता, पण युरोपशी बरोबरी सांगायला मुद्दा नामी! तो धागा शोधायला तो १९०२ ते १९०५ चीन, भारत, तुर्कस्तान असा हिंडला.

त्या भटकंतीचं फळ तोक्योत आजही उभं आहे. १९२३च्या भूकंपानंतर त्सुकिजी होंगानजी मंदिर जळालं. त्याच्या जागी इतोने १९३४मध्ये काँक्रीटचं मंदिर बांधलं. त्याच्या दर्शनी भागावरची मोठी कमान पाहिली, की अजिंठा किंवा कार्ल्याचं चैत्यगृह पाहिलेल्या मराठी माणसाला ओळखीचं वाटल्यावाचून राहत नाही. बौद्ध धर्म भारतातून आला, तर मंदिरानेही तिकडचा चेहरा धरावा, असा हिशेब.

पण त्याच दशकात 'जपानी' शब्दाचा अर्थ आवळत गेला. तोक्योतल्या उएनो भागातल्या राजघराण्याच्या संग्रहालयासाठी १९३१मध्ये स्पर्धा झाली. आराखड्यात जपानी अभिरुचीवर आधारलेली पौर्वात्य शैली हवी, ही अटच होती. माएकावा कुनिओ या तरुण वास्तुविशारदाने अट धाब्यावर बसवून सपाट छपराचा आधुनिक आराखडा पाठवला आणि तो हरला. जिंकला वातानाबे जिन. काँक्रीटच्या इमारतीवर कौलारू छप्पर. ही तडजोड मला आजही टोपी घातल्यासारखी वाटते.

माएकावाकडे काम केलेल्या तांगे केन्झोची गोष्ट जास्त अवघडवणारी. १९४२मध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी साम्राज्याचं स्मारक सुचवून त्याने स्पर्धा जिंकली. ते कधी बांधलं गेलं नाही. युद्ध हरल्यावर हिरोशिमाचं शांतिस्मारकही त्यानेच रचलं.

'जपानी' काय, हा प्रश्न अलीकडेही डोकावतो. २०१५मध्ये ब्रिटिश-इराकी वास्तुविशारद झाहा हदीद यांचा तोक्यो ऑलिंपिकसाठीच्या राष्ट्रीय स्टेडियमचा आराखडा रद्द झाला, मुख्यतः खर्चावरून. नंतर जपानी वास्तुविशारद कुमा केन्गो यांनी रचलेल्या स्टेडियमच्या छपराच्या पुढे आलेल्या कडांना सर्व ४७ प्रांतांतलं लाकूड लावलं आहे. ४६ प्रांतांतून सुगी म्हणजे जपानी सीडरचं लाकूड आलं. ओकिनावाहून मात्र तिथला पाइन.