गाठ लव्हाळ्याशी

महापुरात झाडं जातात आणि लव्हाळी वाचतात, हे कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. 2021 च्या जुलैत पंचगंगेचं पाणी आमच्या परड्यात शिरलं. ओसरलं तेव्हा वांगी, दोडका, कढीपत्ता सगळं कुजलेलं आणि वर गाळाचा थर. दोन वर्षं तिकडं कुणी फिरकलं नाही. मग दिवाळीत मागचं दार उघडलं, तर कमरेएवढं गाजर गवत आणि त्याच्या पायाशी लव्हाळ्याची हिरवीगार गादी.

मी कुदळ घेतली. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "गाजर गवत उपटा खुशाल. पर लव्हाळ्याला कुदळ लावू नगासा, दुप्पट हुईल."

मी लावली. दुप्पट झाला.

तणाचं भांडवल कुठं आहे यावर सगळं अवलंबून असतं. गाजर गवताचं ते बियांत असतं. नावात गवत असलं तरी हे झुडूप सूर्यफुलाच्या कुळातलं, मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडं ते 1950 च्या दशकात पुण्यात नजरेत भरलं. आयात गव्हाबरोबर आलं असं मानतात. एकेका झाडाला हजारो बिया, आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलं. पण खाली नुसतं सोटमूळ. फुलण्याआधी ओल्या जमिनीतून मुळासकट उपटलं की विषय संपला. हातमोजे मात्र घालाच, त्यातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य अंगावर चट्टे उठवतं. मोकळ्या जागेवर उसाचं पाचट जाड पसरलं की मातीतल्या बारीक बियांना वर यायला जमत नाही. पाचटाला आपल्याकडं तोटा नाही.

लव्हाळ्याचं भांडवल जमिनीखाली असतं. तारेसारख्या बारीक खोडांनी जोडलेल्या गाठींची माळच ती, बहुतेक वरच्या वीतभर मातीत. माळेच्या शेंड्याची गाठ फुटलेली असते आणि ती बाकीच्यांना झोपवून ठेवते. कुदळीनं माळ तुटली की हा धाक संपतो आणि झोपलेली प्रत्येक गाठ स्वतःचा कोंब काढते. मी एका तणाची वीस केली होती.

मग काळं प्लास्टिक अंथरलं. लव्हाळ्याच्या कोंबाला सुईसारखं टोक असतं, आणि अंधारात तो तसाच टोकदार राहून वर चढतो. पातळ कागद त्यानं सरळ भोसकला. इथं पारदर्शक प्लास्टिक जास्त कामाचं, हे ऐकून मला आधी पटलंच नव्हतं. त्याच्याखाली कोंबाला लगेच उजेड दिसतो, बाहेर आलो असं समजून तो पानं उलगडतो, टोक जातं आणि तिथल्या उकाड्यात तो भाजून निघतो. ऊन आत शिरतं, उष्णता अडकते, वरची माती 50 अंशांच्या आसपास तापू शकते. इस्रायलच्या याकोव्ह काटान यांनी 1976 मध्ये ही पद्धत मांडली ती मातीतल्या बुरशीजन्य रोगांसाठी. तणांचा बंदोबस्त सोबत होतो.

एप्रिलात वाफे भरपूर भिजवले, कारण ओल्या मातीत उष्णता खोल जाते. कागद घट्ट ताणला, कडा मातीत गाडल्या आणि दीड महिना तसाच ठेवला. वळवानं एकदा उचकटला, पुन्हा गाडला.

खोलातल्या गाठी तरीही वाचल्या. नवा कोंब आला की तीनेक आठवड्यांत त्याच्या खाली नव्या गाठी धरतात, म्हणून दर पंधरवड्याला भांगलण. प्रत्येक कोंब गाठीतली शिदोरी खाऊनच वर येतो, तो काढत राहिलं की गाठ रिकामी होत जाते. शिवाय लव्हाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून पावसाळ्यात चवळी आणि भोपळा दाट सोडला.

दिवाळीला काकू आल्या. उटण्यात घालायला मोथ्याच्या, म्हणजे या लव्हाळ्याच्याच, मूठभर गाठी हव्या होत्या. तासभर उकरून मला नऊच सापडल्या.