अमेरिकेत फर लावलेले कपडे विकायचेत? लेबलचे नियम आणि आरएन नंबरचा अर्ज, सगळं एकाच ठिकाणी

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. लेबलच्या कायद्यासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून 'फर लायसन्स' वगैरे काही घ्यावं लागत नाही (वन्य प्राण्यांच्या फरच्या आयातीचं वेगळं, ते शेवटी बघू). लागतं ते लेबल, आणि ते कंपल्सरी आहे. आरएन नंबर (लेबलवर कंपनीच्या नावाऐवजी लिहायचा नोंदणी नंबर) नावाची जी गोष्ट आहे ना, जिच्यामागे सगळे धावतात, ती तर ऐच्छिक आहे आणि फुकट आहे. त्यामुळे नंबर काढून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा, फॉर्म स्वतः भरता येतो. खरी मेहनत आहे ती आपल्या मालावरची फर नक्की कुठल्या प्राण्याची आणि कुठल्या देशातली हे शोधून काढण्यात, आणि नेमकं तिथेच बहुतेक जण 'सप्लायरने सांगितलंय ना' म्हणून सोडून देतात.

हे कुणासाठी लिहितोय? न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात बसून छोटं बुटीक किंवा ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या आपल्या लोकांसाठी, आणि मुंबई-पुण्यातून तिकडे जॅकेट, टोप्या, बूट पाठवणाऱ्यांसाठी.

कायदा कुठला

मूळ कायदा १९५१ चा, फर प्रॉडक्ट्स लेबलिंग ॲक्ट. त्या काळात सशाची किंवा मस्करॅटची (उंदराच्या कुळातला एक प्राणी) फर रंगवून, कातरून तिला भारी भारी नावं देऊन विकायचे, मस्करॅट झाला 'हडसन सील' वगैरे, म्हणून हा कायदा आला. अंमलबजावणी करते फेडरल ट्रेड कमिशन म्हणजे एफटीसी. या कायद्यात बरीच वर्षं एक मोठी पळवाट होती, कपड्याला लावलेल्या फरची किंमत १५० डॉलरपर्यंत असेल तर प्राण्याचं नाव द्यायची गरज नव्हती, म्हणजे कॉलरला, हुडला किंवा बाहीच्या टोकाला जी थोडीशी फर लावतात ती जवळपास सगळी त्यातून सुटायची. डिसेंबर २०१० मध्ये ट्रुथ इन फर लेबलिंग ॲक्ट आला आणि मार्च २०११ पासून ती सूट बंद झाली. आता दोन डॉलरची सशाची फर बटणाशेजारी लावली असेल तरी लेबल हवं. जुन्या ब्लॉगवर किंवा व्हॉट्सॲपवर अजून १५० डॉलरची गोष्ट फिरते, ती विसरा.

एक सूट मात्र आहे. जो माणूस स्वतः शिकार करतो किंवा सापळे लावतो आणि स्वतःच्या घरी, क्राफ्ट फेअरमध्ये किंवा अशाच तात्पुरत्या जागी समोरासमोर विकतो, आणि त्या विक्रीवर त्याचं मुख्य पोट नाही, त्याला लेबलमधून सूट आहे. आपल्यापैकी कुणाला ती लागू होईल असं वाटत नाही.

तुमचा माल यात येतो का

कायद्यात फर म्हणजे केस, लोकर किंवा लव तशीच चिकटलेली ठेवलेली कातडी. केस पूर्ण काढून टाकले की ते लेदर, मग हा कायदा लागू नाही. म्हणून साधी कोल्हापुरी चप्पल पाठवताय तर फर लेबलचा विषयच नाही, पण तिच्या पट्ट्यावर केसांसकट बकऱ्याचं किंवा वासराचं कातडं लावून फॅन्सी डिझाइन केलंय तर मात्र विषय आला, कारण अंगाचा कुठलाही भाग झाकणारी वस्तू यात धरतात, नुसते कोट-जॅकेट नाही. टोपी, हातमोजे, बूट सगळं आलं. गालिचा, खेळणी यात येत नाहीत.

लोक गोंधळतात ते शीअरलिंगमध्ये. मेंढीच्या कातडीवर लोकर तशीच ठेवून केलेलं जॅकेट, बाहेरून ते लेदरसारखंच दिसतं, पण कायद्याने ती फर आहे आणि लेबलवर मेंढी किंवा कोकरू लिहावंच लागतं. याच्या उलट अंगोरा स्वेटर किंवा पश्मिना शाल. तिथे केस कातडीपासून वेगळे करून सूत काढलेलं असतं, त्यामुळे त्यांना लोकर आणि टेक्सटाइलचे कायदे लागतात, फरचा नाही.

आणि नकली फर? ती टेक्सटाइल कायद्यात जाते, तिथे फायबरचं नाव आणि टक्केवारी लिहायची, ॲक्रिलिक इतके टक्के, पॉलिएस्टर इतके टक्के. नुसतं 'फो फर' (faux fur, म्हणजे नकली फर) लिहून चालत नाही, आणि खऱ्या फरला नकली म्हणणं तर त्याहून वाईट. हे कोण करेल असं वाटतं ना? २०१३ मध्ये एफटीसीने नीमन मार्कससारख्या मोठ्या दुकानावर आणि आणखी दोन विक्रेत्यांवर नेमकी हीच कारवाई केली, साइटवर 'फो' लिहून खरी फर विकल्याबद्दल. प्रकरण तडजोडीने मिटलं पण पुढच्या २० वर्षांसाठी त्यांच्यावर असं पुन्हा न करण्याचा आदेश बसला. होतं काय की सशाची फर बऱ्याचदा चांगल्या नकली फरइतकीच स्वस्त पडते, कारखान्याला ती सोयीची वाटते, आणि मधल्या साखळीत कुणी विचारतच नाही.

माल हातात आला की स्वतः बघा. केस बाजूला करून बुडाशी बोट लावा, खाली चामडं लागलं तर खरी, विणलेलं जाळीसारखं कापड दिसलं तर बहुतेक नकली. दोन-चार केस काढून चिमट्यात धरून जाळून पाहिलं तर खरे केस जळल्याचा वास येतो, प्लास्टिक वितळून गोळी होते. ही घरगुती टेस्ट आहे बरं का, कायदेशीर पुरावा नाही. शंका राहिली तर लॅबकडून करून घ्या.

लेबलवर काय काय लिहायचं

लेबल इंग्रजीतच हवं. त्यावर पहिलं म्हणजे प्राण्याचं नाव, आणि ते आपल्या मनाने नाही. एफटीसीची एक यादी आहे, फर प्रॉडक्ट्स नेम गाइड, शास्त्रीय नावासमोर बाजारात वापरायचं नाव दिलेलं असतं, तेच लिहायचं. रॅबिट, मिंक, लॅम्ब वगैरे सोपं आहे. पण चीनमधून येणाऱ्या हुडच्या फरमध्ये रॅकून डॉग नावाचा प्राणी खूप असतो, कुत्र्याच्या कुळातलाच, पण यादीत त्याचं नाव आहे 'एशियाटिक रॅकून'. प्राणिप्रेमी संघटनांनी हे नाव बदला म्हणून खूप जोर लावला होता, २०१४ मध्ये नियम सुधारले तेव्हा एफटीसीने विचार करून तेच ठेवलं. मला विचाराल तर गिऱ्हाइकाला यातून काही कळत नाही, पण नियम तो नियम, लेबलवर तेच. नुसतं 'रॅकून' लिहिलंत तर चूक, कारण तो अमेरिकेतला वेगळा प्राणी.

मग फर नैसर्गिक रंगाची आहे की रंगवलेली, ब्लीच केलेली, ते लिहायचं. फर पंजे, शेपट्या, पोटाकडचा भाग, कान, तुकडे जोडून केली असेल आणि असा भाग पृष्ठभागाच्या १० टक्क्यांच्या वर जात असेल तर तेही. वापरलेली फर काढून नव्या कपड्याला लावली असेल तर 'यूज्ड', आणि आजीचा मिंक कोट सेकंडहँड दुकानात विकायला ठेवताय तर 'सेकंडहँड' लिहावं लागतं, व्हिंटेज विकणारे हे हमखास विसरतात.

फर अमेरिकेबाहेरच्या देशातली असेल तर 'फर ओरिजिन' असं लिहून देशाचं नाव. इथे घोळ होतो. जॅकेट भारतात शिवलं, फर आली फ्रान्सहून, मग 'मेड इन इंडिया' लिहिलं की काम झालं असं वाटतं. नाही झालं. कपडा कुठे बनला ते वेगळं, प्राण्याची फर कुठली ते वेगळं, दोन्ही हवं. आणि शेवटी कंपनीचं नाव किंवा आरएन नंबर.

म्हणजे लेबल साधारण असं दिसेल: डाइड रॅबिट, फर ओरिजिन फ्रान्स, आणि खाली आरएन. जॅकेटचं बाकीचं कापड असेल त्याचं फायबर लेबल वेगळ्या कायद्याने लागतंच, फरचं लेबल लावलं म्हणून ते सुटत नाही.

लेबलचा साइज पूर्वी इंचांमध्ये ठरलेला होता, २०१४ च्या सुधारणेनंतर ती भानगड संपली. आता फक्त सहज दिसलं पाहिजे, वाचता आलं पाहिजे आणि गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत टिकलं पाहिजे. हातमोजे, बूट अशा जोडीला जोडी म्हणूनच विकत असाल तर एक लेबल पुरतं. आणि हो, ही माहिती बिलावरही लागते, आणि ऑनलाइन विकताय तर प्रॉडक्टच्या पानावरसुद्धा. फोटोत लेबल दिसतंय ना, एवढ्यावर भागत नाही.

आरएन नंबर: कोणाला मिळतो, अर्ज कसा करायचा

आरएन म्हणजे रजिस्टर्ड आयडेंटिफिकेशन नंबर. लेबलवर कंपनीचं पूर्ण नाव लिहायच्या ऐवजी हा लिहिता येतो, जागा वाचते, आणि दुकानदाराला आपला सप्लायर उघड करायचा नसेल तरी सोयीचं. बस, एवढाच उपयोग. हा काही क्वालिटीचा शिक्का नाही.

पात्रता: तुमचा धंदा अमेरिकेत असला पाहिजे, आणि टेक्सटाइल, लोकर किंवा फरच्या वस्तू बनवणं, आयात करणं, वाटणं किंवा विकणं यापैकी काहीतरी तुम्ही करत असला पाहिजे. इचलकरंजीची किंवा मुंबईची कंपनी, जिचं अमेरिकेत काही नाही, तिला आरएन मिळत नाही. तिने काय करायचं? लेबलवर स्वतःचं नाव लिहायचं, किंवा अमेरिकेतल्या आयात करणाऱ्या पार्टीचं नाव अथवा तिचा आरएन लिहायचा, अर्थात तिला विचारून. दुसऱ्याचा नंबर गुपचूप छापणं महागात पडू शकतं, कारण आरएनचा डेटाबेस सगळ्यांसाठी खुला आहे, कुणीही नंबर टाकून मालक शोधू शकतो.

अर्ज एफटीसीच्या साइटवर ऑनलाइन. फी नाही. आपल्याकडे जसा झेरॉक्सचा गठ्ठा आणि सेल्फ अटेस्टेड कॉपी लागतात तसं काही नाही, पण ही माहिती हाताशी ठेवा: कंपनीचं कायदेशीर नाव, धंदा दुसऱ्या नावाने करत असाल तर ते नाव, कंपनीचा प्रकार म्हणजे प्रोप्रायटरशिप, पार्टनरशिप, एलएलसी की कॉर्पोरेशन, अमेरिकेतला पत्ता, फोन, ईमेल, तुम्ही नेमकं काय करता म्हणजे आयात, होलसेल, रिटेल, ऑनलाइन, आणि कुठल्या वस्तू विकता. शेवटी माहिती खरी असल्याचं प्रमाणित करायचं. नाव एलएलसीच्या नोंदणीत जसं आहे तसंच टाका, स्पेलिंगसकट, आणि ब्रँडचं नाव आणि कंपनीचं नाव यात गल्लत करू नका.

एका कंपनीला एकच नंबर. कपड्यांसाठी आधीच घेतला असेल तर फरसाठी वेगळा लागत नाही. तो दुसऱ्याला विकता किंवा देता येत नाही, दुकान विकलं तरी नंबर त्याच्यासोबत जात नाही. पत्ता, नाव, कंपनीचा प्रकार बदलला तर लगेच अपडेट करा, नाही केलं तर नंबर रद्द होऊ शकतो.

सप्लायरकडून कुठले कागद घ्यायचे

सरकारला पाठवायला नाही, स्वतःच्या फाइलसाठी. बिलावर प्राण्याचं नाव, शास्त्रीय नावासकट असेल तर उत्तम, फरचा देश, रंगवलीय की नाही, तुकडे आहेत का. हे रेकॉर्ड किमान तीन वर्षं ठेवावं लागतं. दुसऱ्याचं लेबल काढून स्वतःचं लावायची परवानगी आहे, पण मग मूळ माहितीचं रेकॉर्ड तुमच्याकडे हवं.

माल अमेरिकेतल्याच होलसेलरकडून घेत असाल तर त्याच्याकडून लेखी गॅरंटी मागा. ती बिलावर देता येते किंवा तो एफटीसीकडे कायमची नोंदवू शकतो. पुढे लेबल चुकीचं निघालं आणि तुम्ही त्या गॅरंटीवर प्रामाणिकपणे विसंबला असाल तर तुम्हाला संरक्षण मिळतं. पण गॅरंटी देणारा अमेरिकेत राहणारा हवा, भारतातल्या किंवा चीनमधल्या कारखान्याने लेटरहेडवर दिलेली कितीही शिक्क्यांची चिठ्ठी असो, त्या कलमाखाली ती धरत नाहीत. म्हणजे स्वतः आयात केलीत की जबाबदारी तुमच्या गळ्यात. मुद्दाम नियम मोडला तर ५,००० डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद अशी तरतूद मूळ कायद्यातच आहे, आणि दिवाणी दंड वेगळा, तो खूपच मोठा असू शकतो.

लेबल बरोबर असूनही अडकाल अशा जागा

कुत्र्या-मांजराची फर: २००० च्या कायद्याने आयात, निर्यात, विक्री सगळं बंद. लेबल लावून सुद्धा नाही. वन्य प्राण्याची फर असेल तर फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचं (अमेरिकेचं वन्यजीव खातं) डिक्लरेशन, फॉर्म ३-१७७, आणि लिंक्स, ऑटर असे साइट्सच्या (CITES, वन्य प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतले प्राणी असतील तर त्याचं परमिट, हे सगळं माल निघायच्या आधी बघायचं, पोर्टवर पोचल्यावर नाही.

भारतातून पाठवणाऱ्यांनी लक्षात ठेवा, मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरच्या कातड्यांची आयात भारताने जानेवारी २०१७ पासून बंद केलीय. तुमचा कारागीर 'फॉक्स फर लावून देतो' म्हणाला तर त्याला हा फॉक्स (fox) म्हणजे कोल्हा की फो (faux) म्हणजे नकली ते आधी विचारा, बोलताना दोन्हींची सरमिसळ होते आणि लेबल पूर्ण वेगळं.

आणि कॅलिफोर्निया. १ जानेवारी २०२३ पासून तिथे नवीन फरचे कपडे विकायला बंदी आहे. मेंढीचं शीअरलिंग आणि गाई-बकरीचं केसांसकट कातडं त्यातून वगळलंय, वापरलेली फरही चालते, पण सशाच्या कॉलरचं नवं जॅकेट नाही चालत, एफटीसीचं लेबल कितीही परफेक्ट असलं तरी. दुकान टेक्सासात असेल आणि ऑर्डर लॉस एंजेलिसहून आली तरी तेच. त्यामुळे वेबसाइटवर अशा वस्तूंसाठी कॅलिफोर्नियाचं शिपिंग आधीच बंद करून ठेवा, नंतर एकेक ऑर्डर कॅन्सल करत बसण्यापेक्षा ते बरं.