फेरतपासणीची आठवण: मेसेजमध्ये काय लिहायचं, काय नाही
(आमच्याकडून मेसेज-सेवा घेणाऱ्या दवाखान्यांसाठी माहितीपत्रक)

टाके काढायचे असले की पेशंट न सांगता येतो, कारण टाके ओढतात. बीपी-शुगरचं तसं नाही. गोळ्यांनी बरं वाटायला लागलं की केसपेपरवरची तारीख मागे पडते. कुत्रा चावल्यावर दंडात घ्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. पहिल्या सुया भीतीपोटी होतात. जखम भरली की चौदावा दिवस कुणाच्या लक्षात राहतो?

आठवणीचा मेसेज (एसएमएस) अशा विसरण्यावर चालतो. वैद्यकीय संशोधन पडताळून बघणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात ८ चाचण्या आणि ६,६१५ माणसं होती. काहीच आठवण न दिलेल्यांपैकी ६७.८ टक्के लोक तपासणीला आले, मेसेज मिळालेल्यांपैकी ७८.६ टक्के आणि फोन केलेल्यांपैकी ८०.३ टक्के. आपल्याकडे हाच आकडा येईल असं आम्ही लिहून देणार नाही. पण फोन आणि मेसेज यांतलं अंतर किती थोडं आहे ते बघा. रिसेप्शनवरच्या ताईंनी दिवसभर फोन फिरवत बसण्यात अर्थ नाही. मेसेज सगळ्यांना जाऊ दे, फोन फक्त ज्यांचं चुकणं महागात पडेल त्यांना करा.

पैसे नाहीत म्हणून न येणारा किंवा ऊसतोडीला गेलेला पेशंट मात्र मेसेजने येणार नाही. त्याची तारीखच त्याला विचारून द्यायला हवी. आजूबाजूच्या गावांतले पेशंट असतील तर आठवडी बाजाराचा दिवस द्या. त्या दिवशी ते तालुक्याला येणारच असतात.

मराठी मेसेजचा हिशोब

इंग्रजीत एका मेसेजला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीत फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह, मोकळी जागा, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘दवाखाना’ डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, मोबाइल कंपनी सात मोजते. सत्तरच्या वर एक जरी गेलं की मेसेजचे ६७-६७ चे तुकडे होतात आणि बिल दोन मेसेजचं लागतं. म्हणून ‘आदरणीय महोदय’ वगैरे काढून टाका. आमचा नमुना असा:

उद्या मंगळवार १२ मे, सकाळी ११ वा. फेरतपासणी. फाईल आणा.

हे ५४ भरतात. उरलेल्या १६ मध्ये मोकळी जागा सोडून डॉक्टरांचं नाव बसतं. वार जरूर लिहा, बरेच जण तारखेपेक्षा वारावर चालतात. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर ‘फाईल आणा’ऐवजी ‘उपाशी या’ लिहा, आणि मेसेज आदल्या संध्याकाळीच गेला पाहिजे. सकाळी नऊला गेला तर चहा-पोहे झालेले असतात. लांबून एसटीने येणाऱ्यांना, रोजंदारी बुडवून येणाऱ्यांना दोन दिवस आधी कळवा.

आजाराचं नाव नको

याबाबत आम्ही हट्टी आहोत. केसपेपरवरचा नंबर पेशंटचाच असेल असं नाही. सुनेच्या तपासणीचा मेसेज सासूच्या फोनवर जातो, आजोबांचा नातवाच्या. टीबी, एचआयव्ही, गर्भपात, पाळीची तक्रार यांतलं काहीही मेसेजमध्ये येता कामा नये. मानसोपचाराच्या दवाखान्यांनी तर दवाखान्याचं नावही टाळावं, नुसतं ‘डॉ.’ आणि आडनाव पुरतं. नाव नोंदवतानाच विचारा: ‘हा फोन कुणाकडे असतो? यावर मेसेज पाठवला तर चालेल का?’ उत्तर केसपेपरवर लिहून ठेवा.

नोंदणीची कटकट

ट्रायच्या (मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१८ च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचं नाव आणि मेसेजचा मजकूर दोन्ही आधी मोबाइल कंपनीच्या पोर्टलवर नोंदवावे लागतात. पेशंटगणिक बदलणारी तारीख, वार, वेळ यांच्या जागा तेवढ्या मोकळ्या ठेवता येतात. बाकीचा शब्द बदलला की मेसेज अडतो. नोंद नसलेली लिंक घातली तरी अडतो. हल्ली पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी सेवेच्या मेसेजला ‘एस’ आणि जाहिरातीला ‘पी’ लागतं. तेव्हा आठवणीच्याच मजकुरात मोफत शिबिराची जाहिरात घुसवायला सांगू नका, आम्ही नाही म्हणू.

या मेसेजला उलट उत्तर देता येत नाही. ‘येणार नसाल तर मिस्ड कॉल द्या’ हे तुम्हाला हवं असेल तर त्यासाठी वेगळा नंबर घ्यावा लागेल आणि मेसेज दोन तुकड्यांचा होईल. आमच्या मते तेवढा खर्च करावा. कोण येत नाही ते आदल्या रात्री कळलं तर ती वेळ दुसऱ्याला देता येते.

सुरुवातीला आम्हाला नोंदणीची कागदपत्रं आणि पुढच्या आठवड्याच्या तारखांची वही लागेल. पहिले चार दिवस सगळे मेसेज फक्त रिसेप्शनच्या फोनवर येतील. ताईंनी वहीशी ताडून ‘बरोबर’ म्हटलं की पाचव्या दिवसापासून पेशंटना सुरू.